आधी रंगकाम, मग सामान

३ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

बोर्डिंगमधला एखादा रविवार आठवतो का तुला? खास असा नव्हे, कुठलाही. जेवणानंतर आपण दोघी पायऱ्यांवर बसून मोज्यांची भोकं शिवत असायचो आणि फाटकापलीकडून माझ्या दादाची हाक यायची. सिस्टर मुलग्यांना आत सोडायच्या नाहीत. मग तो सायकल भिंतीला टेकवायचा आणि गजांतून नाक आत घालून ओरडायचा, "टिटवे, ताईला घेऊन ये! संत्री आणलीत, पण सोलून मिळणार नाहीत!" वरच्या मजल्यावरच्या सिस्टरसुद्धा खिडकीत यायच्या. पुढे तो तरणतलावावर पोहायला शिकवायला लागला, तेव्हा त्याला शिट्टी दिली होती. ती त्याने आयुष्यभर नुसती गळ्यात घातली. वाजवायची वेळच आली नाही.

हे सगळं आज वर आलं, कारण दादाच्या लेकाने बोटीवरून पैसे पाठवून नवा लॅपटॉप मागवून दिलाय. खोका अजून टेबलावर तसाच आहे. मला हात लावायची भीती वाटते.

गेल्या वेळी तू विचारलं होतंस, जुन्या लॅपटॉपमध्ये एवढं आहे तरी काय. ऐक. दादाच्या स्नायूंचं दुखणं जिभेत उतरायला लागलं तेव्हाच स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, बोलणं जाणार, तोवर रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात भरून ठेवा. मग आम्ही भावंडं खिडक्या लावून बसायचो. तो बोलायचा, मी बटण दाबायची. बाईंच्या ओळखीच्या एकाने त्याचा छोटासा प्रोग्रॅम करून दिला. पडद्यावर मोठाले चौकोन आहेत, एका चौकोनात एक वाक्य. दादाच्या उजव्या हाताचं एक बोट अजून त्याचं ऐकतं. ते चौकोनावर टेकवलं की दादा बोलतो. "चहा गार झाला." "पंखा बंद कर." लेकाचा फोन आला की "जेवलास का?" खालची शेजारीण टीव्ही मोठा लावते, तिच्यासाठी "आवाज कमी करा हो!" आणि तुझ्यासाठी "टिटवे, पंख गळले का तुझे?"

परवा फोनवर त्याने ते दाबलं आणि तू म्हणालीस, "हो हो, मघाशीच जेवले." तो इतका हसला! आता हसताना नुसते खांदे हलतात, पण हसला. तुझी थट्टेची सवय काही जात नाही.

आता मुद्द्याचं. जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटलीय, झाकण मी परकराच्या नाडीने कपाटाच्या मुठीला बांधलंय. आतला पंखा मिक्सरसारखा घुरघुरतो. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "बाई, हा चालतोय तो तुमच्या पुण्याईवर. बंद करू नका. एकदा झोपला की उठेल याची हमी मी देत नाही." म्हणून मी प्लगला लाल रिबन बांधून ठेवलीय, कुणी चुकून काढू नये म्हणून.

तू शाळेत इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकवलास. मला पायरी-पायरीने लिही. फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू जातं आणि माझ्या बटणांच्या फोनवर तुझे मराठी मेसेज नुसती ठिगळं होऊन येतात. पत्रच बरं.

दादाचा हात पाठीवर आहे असं समज.

तुझी
ताई


९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

प्लगला लाल रिबन! माझ्या वर्गात असतीस तर तुला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

एक नियम पाठ कर: आधी अपडेट, मग सामान. नवं घर घेतलं की आपण आधी रंगकाम उरकतो आणि मगच कपाटं हलवतो ना? सामान आत नेल्यावर रंग काढला तर सगळ्यावर ठिपके. तुझा नवा लॅपटॉप गोदामात झोपून होता. मधल्या काळात जगात काय काय झालं ते त्याला ठाऊकच नाही. ते त्याला शिकू दे. दादाची वाक्यं पोटात घातल्यावर त्याला उठबशा काढायला लावल्या तर एखादं वाक्य गळून पडेल.

चार्जर लाव, घरातलं इंटरनेट जोड, आणि सेटिंगमध्ये अपडेट लिहिलंय तिथे जा. टक्के दिसतील. ते सरकतील, मग रुसून बसतील. घाबरून बंद करू नकोस. तो आपणहून बंद होईल, चालू होईल, आणि पुन्हा म्हणेल, अजून आहे. "आता काही उरलं नाही" असं म्हणेपर्यंत सोडू नकोस. शेवटी "मोठी नवी आवृत्ती घेणार का?" असं विचारेल. खुशाल हो म्हण. एकदाच काय तो त्रास.

माझा उजवा कान पेन्शनीत गेला हे खरं, पण डावा अजून नोकरीत आहे. रविवारचा फोन चुकवायचा नाही. दादाला सांग, पंख शाबूत आहेत.

तुझी
टिटवी


१८ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

झालं! परवा सकाळी तो शहाणा एकदाचा म्हणाला, काही उरलं नाही.

काय दिवस गेले गं. एक लॅपटॉप दादासमोर, एक शेजारी. एक बोलणारा, एक ढिम्म. टक्के एका आकड्यावर असे अडायचे की मी स्वयंपाकघरातून येऊन बघायची, परत जायची, परत यायची. "बंद करू नका" असं पडद्यावर लिहिलेलं. मी बंद करते कसली, मी श्वास सोडायलासुद्धा घाबरत होते. एकदा असंच बराच वेळ अडलं, तर दादाने शांतपणे बोट उचललं आणि जुन्या लॅपटॉपवरून तलावावरचं वाक्य नव्याला सुनावलं, "पाय हलवा! पाणी आपोआप मागे जाईल!" आणि खरंच, आकडा सरकला. आम्ही दोघं हसलो, म्हणजे मी हसले आणि त्याचे खांदे.

तू म्हणालीस तसं मोठ्या आवृत्तीलाही हो म्हटलं. आता पडद्यावर निळा डोंगर आहे आणि सगळं कसं कोऱ्या वहीसारखं दिसतं. रंगकाम उरकलं, सामान कसं हलवायचं ते लवकर लिही. जुना थकत चाललाय. हल्ली दादाला एकेका चौकोनावर दोन-दोनदा दाबावं लागतं, तेव्हा कुठे वाक्य येतं.

तुझी
ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

शाब्बास. दोनदा दाबावं लागतं यात नवल नाही, जुने पडदे असेच आंधळे होतात. म्हणून तर घाई.

कोपऱ्यावरच्या दुकानातून पेनड्राइव्ह आण. जुन्यात लाव, थेरपिस्ट बाईंच्या प्रोग्रॅमचं पूर्ण फोल्डर त्यात उतरव. फोल्डर पूर्ण, त्यातलं काही निवडायचं नाही. मग पेनड्राइव्ह नव्यात लाव, फोल्डर तिथे ठेव, आणि चौकोनांचं चित्र आहे त्यावर दोनदा टिचकी मार. दादा नव्या घरी बोलेल. पहिलं वाक्य माझं असू दे.

तुझी
टिटवी


११ मार्च

प्रिय टिटवी,

नाही बोलला.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. फोल्डर गेलं, चित्र आलं, दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक पाटी आली: हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालणार नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा केलं, परत केलं. पाटी तीच, शब्द तेच, किती सभ्य शब्द ते. शेवटी थेरपिस्ट बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीसाठी बनवलेला होता, ज्याने बनवला तो कुठल्या तरी नोकरीवर निघून गेला, पत्ता नाही. त्यांनी माझ्यासमोर त्याला फोन लावून बघितला, नंबर अस्तित्वात नाही.

मग मी तुला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मागच्या दोन्ही रविवारी तू उचलला नव्हतास, तेव्हा म्हटलं लेकीकडे गेली असशील. नव्या लॅपटॉपवरून ईमेल करायला गेले तर तो म्हणतो, खात्री पटवण्यासाठी तुमच्या फोनवर आकडा पाठवलाय. कुठल्या फोनवर? जो मागच्या वर्षी माझ्या हातून बादलीत पडला त्या! जुन्यावरून लिहावं तर ते दादाचं तोंड आहे. त्याचं तोंड काढून घेऊन मी आपलं टाइप करत बसू?

माझ्यावर रागावलीस का गं? काही लागेल असं बोलले का मी?

बाईंनी नव्या लॅपटॉपमध्ये एक तयार आवाज घालून दिलाय. अक्षरं लिहिली की तो वाचतो. चांगला स्वच्छ आवाज आहे, विमानतळावर सूचना देतो तसा. बाईंनी त्यात "चहा गार झाला" लिहिलं, आणि कुणा परक्या माणसाने आमच्या घरात येऊन चहाबद्दल तक्रार केली. दादाने त्याच्याकडे बघितलं. मग जुन्यावर एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा वाक्य आलं, "आवाज कमी करा हो!"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही. जुना अजून चालतोय. रोज सकाळी उठले की आधी त्याचा घुरघुराट ऐकू येतो का बघते, मगच चप्पल पायात घालते.

मला काही सुचत नाही.

तुझी
ताई


१७ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

पहिली गोष्ट. मोठी आवृत्ती घेतल्यावर ती नको वाटली तर परत जुनीवर जाता येतं. मुदत दहा दिवसांची असते. तू १६ तारखेला घेतलीस. "आता टिचकी मार" असं सांगणारं माझं पत्र तुझ्या हाती पडलं असेल तोवर ती मुदत उलटूनही गेली होती. तुला पाटी दिसली तेव्हा दार आधीच बंद झालेलं होतं. प्रोग्रॅम कुणी बनवला, कशासाठी बनवला, एवढे दोन प्रश्न मी आधी विचारायला हवे होते. मुलांना मी हेच शिकवायचे. रंगकाम आधी, हे बरोबरच होतं गं. पण कपाट नव्या घराच्या दारातून आत जातं का, हे मोजायला विसरले.

दुसरी गोष्ट. मी रागावले नव्हते. लेकीकडेही गेले नव्हते. फोन माझ्या उशाशीच होता. डावा कानही गेला, ताई. माणसाचं दिवाळं निघतं ना तसा, आधी हळूहळू आणि मग एकदम. जानेवारीपासून मला काही ऐकू येत नाही. रविवारी फोन थरथरला की उचलायची आणि अंदाजाने बोलायची. तू चहाचं विचारत असशील, जेवणाचं विचारत असशील. "मघाशीच जेवले" कशाच्या उत्तरात म्हणाले ते तुझ्या पत्रातून कळलं. मग लाज वाढत गेली आणि शेवटी उचलायचंच बंद केलं. दादा यंत्रातून बोलतो आणि मला तो ऐकू येत नाही, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. त्याने एवढ्या कष्टाने एक बोट उचलायचं आणि पलीकडे भिंत.

त्याला सांगू नकोस. किंवा सांग. तू ठरव.

आता काम. प्रोग्रॅम गेला तरी आवाज गेलेला नाही. त्या फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर असेल, त्यात नुसत्या नंबरांच्या फायली असतील. त्या मूळ आवाजाच्या. पेनड्राइव्हवर आहेत का बघ, नसतील तर जुना जिवंत आहे तोवर आजच उतरव. मग नव्यात आम्ही शाळेत धड्यांसाठी करायचो तशा स्लाइड कर. स्लाइडवर चौकोन काढ, चौकोनाला एक फाइल जोड. चौकोन दाबला की आवाज येतो. कसं जोडायचं ते मागच्या पानावर चित्रं काढून दिलंय. नाकी नऊ येतील, पण जमेल. दादा त्याच्याच आवाजात बोलेल.

तुझी
टिटवी


१२ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र नाही. फोन करून उपयोग नाही हे आपल्या दोघींनाही आता माहीत आहे. जुना गेला का? दादा बरा आहे का? लिहायला होत नसेल तर पाकिटात कोरा कागद घालून टाक. तुझ्या हातचा पत्ता बघून मला जे कळायचं ते कळेल.

टिटवी


२६ एप्रिल

प्रिय टिटवी,

कोरा कागद पाठवणार होते. पण दादाने काम सांगितलंय, म्हणून लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आतल्या फोल्डरमधल्या फायली बघितल्या. पेनड्राइव्हवर त्या उतरल्याच नव्हत्या, नुसतं रिकामं घर. मग जुन्यातून एकेक करून आणल्या, लहान मूल झोपेतून उचलावं तशा. शेवटची आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जुना थांबला. दादाने पंखा बंद करायला सांगितलं होतं. मी पंखा बंद करून मागे वळले तर घुरघुरही बंद झालेली. मला वाटलं पंख्याचाच आवाज थांबलाय. लाल रिबन जागच्या जागी होती. दुरुस्तीवाल्याने येऊन नुसती मान हलवली.

मग स्लाइड करायला घेतल्या. तुझी चित्रं समोर ठेवून. तुला खोटं वाटेल, पण मी शिकले. एक चौकोन करायला सुरुवातीला आख्खी सकाळ जायची. तेवढे दिवस दादा गप्प होता. तयार आवाज लावू का विचारलं तर डोळे मिटून घ्यायचा. झालं तेव्हा मी नवा लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला, त्याचं बोट उचलून पहिल्या चौकोनावर टेकवलं. तुझं वाक्य पहिलं ठेवलं होतं. म्हटलं, दाब.

बोट तिथेच राहिलं. त्याने खूप प्रयत्न केला, टिटवी. कपाळावर घाम आला. पडदा नवा आहे, नुसतं टेकवून उचललं की ऐकतो. पण बोट चौकोनावरून उचललं जातही नव्हतं आणि दबतही नव्हतं.

तेव्हा कळलं. जुना पडदा आंधळा झाला नव्हता. फेब्रुवारीपासून बोटच जात होतं, आणि आपण दोघी लॅपटॉपची काळजी करत होतो. टक्के सरकायची वाट बघण्यात, टपालाची वाट बघण्यात जे दिवस गेले, ते त्याच्या बोटाचे शेवटचे दिवस होते. तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळेही नाही. तू पत्र पुन्हा फाडायला घेशील म्हणून आधीच सांगते. आपण नियमाप्रमाणेच वागलो. घर रंगवून तयार झालं आणि राहणाऱ्याला जिना चढवेना.

आता पापण्या उरल्यात. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तुझ्या कानांचं मी त्याला सांगितलं. मग मी विचारलं, रागावलास? दोनदा.

एक सांगायचं राहिलं. प्रोग्रॅम त्या फायलींची पुढची-मागची टोकं कापून नेमकं वाक्य तेवढं वाजवत असे. मूळ फायलींत टोकं तशीच आहेत. वाक्याच्या आधी मी म्हणते, "हं, बोल." नंतर म्हणते, "पुन्हा. नीट." आणि दादा कुरकुरतो, "सिस्टरपेक्षा कडक झालीस." एकात तो खोकतो, एकात मी पाणी देते त्या ग्लासचा आवाज आहे. वाक्यात त्याने काय म्हणावं ते आम्ही ठरवलेलं होतं, हे मात्र कुणीच ठरवलेलं नव्हतं. मी त्याच्याजवळ बसून सगळं वाजवलं. त्याचे खांदे आता हलत नाहीत, पण डोळ्यांच्या कडांवरून मला कळतं.

मग मीच विचारलं, दादा, ही वाक्यं मी दाबून तुझ्या वतीने बोलू का? दोनदा. ठेवून देऊ? दोनदा. मग काय, वाटून टाकू? एकदा, आणि पापण्या मिटलेल्याच ठेवल्या कितीतरी वेळ.

तेव्हा आम्ही बसून वाटणी केली. मी नाव घ्यायची, वाक्य वाजवायची, तो हो-नाही करायचा.

"पाय हलवा, पाणी आपोआप मागे जाईल" हे तलावावरच्या त्याच्या शिष्याला, जो आता त्याच्या जागी शिकवतो. बरोबर शिट्टीही, न वाजवलेली. ती तो वाजवतो की नाही ही त्याची मर्जी. "जेवलास का?" लेकाला, बोटीवर. ते मी बाईंच्या फोनवरून आधीच पाठवलं, त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि मी घाई करणार नाही. "आवाज कमी करा हो!" खालच्या शेजारणीला. मी म्हटलं, अरे, बरं दिसतं का ते? त्याने इतक्या जोरात एकदा डोळे मिटले की पुढे बोलायची सोय नाही. काल मी देऊन आले. ती ऐकून रडली आणि टीव्ही बंद केला. आता घर फारच शांत असतं, मीच जाऊन तिला सांगणार आहे, लाव बाई. जुन्या लॅपटॉपची हाडं दुरुस्तीवाल्याला, त्याच्या उपयोगाची असतील ती. नवा थेरपिस्ट बाईंना, ज्याचं बोट अजून चालतं आणि बोलणं जायचंय अशा कुणासाठी. त्यातली रिकाम्या चौकोनांची स्लाइड तशीच राहू दे म्हटलंय, तुझ्या चित्रांच्या पानासकट. बाई आज संध्याकाळी न्यायला येतील, आवाज मी पेनड्राइव्हवर ठेवलेत. मला त्याने "पंखा बंद कर" दिलं. मी "चहा गार झाला" मागितलं होतं. त्याला दोनदा. का ते विचारायची सोय नाही. उन्हाळा आहे, पंखा चालूच असतो.

उरलीस तू. "टिटवे, पंख गळले का तुझे?" वाजवलं आणि विचारलं, हे कुणाला? वेड्यासारखा प्रश्न. पण तुला वाजवून दाखवता येत नाही, मग देऊ कसं? नव्या लॅपटॉपवर आवाजाची फाइल उघडली की त्याचं चित्र दिसतं, डोंगरांच्या रांगेसारखं, उंच आवाजाला उंच डोंगर. ते मी दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणलं. दादासमोर धरलं. हे टिटवीला? एकदा.

पाकिटात आहे. दुमडलेलं उलगड, टेबलावर पसर आणि डावीकडून बोट फिरव. सुरुवातीच्या बुटक्या टेकड्या म्हणजे मी, "हं, बोल." मग एकदम जो सुळका उठतो तो "टिटवे." फाटकाच्या गजांतून यायचा तसाच, बघ किती उंच गेलाय, कागदाच्या कडेला लागलाय. पुढचे चार डोंगर वाक्याचे. त्यानंतर जी बारीक थरथरती रेघ आहे ती त्याच्या हसण्याची, तिच्यावर बोट जरा थांबव. शेवटचा उंचवटा पुन्हा मी आहे, "पुन्हा. नीट." तेवढी पट्टी कात्रीने कापून मला परत पाठव. बाकी सगळं तुझं.